मधले तेरा दिवस

वकिलांनी निकाल वाचलाच नाही. मी पिशवीतून काढून दिलेली एकतीस पानांची नक्कल त्यांनी हातात घेतली, सरळ उलटी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून शेवटच्या पानावरचा शिक्का पाहिला. त्या शिक्क्यात तीन तारखा असतात: नक्कल मागितल्याची, तयार झाल्याची आणि नेल्याची. बोटांच्या पेरांवर त्यांनी काहीतरी मोजलं, कॅलेंडरचं पान मागे उलटलं, पुन्हा मोजलं.

"ताई, गेली की ही."

"काय गेली?"

"मुदत."

तो दिवस ४ ऑगस्ट. माझ्या हिशोबाने हातात अजून नऊ दिवस होते. वेळेआधी पोचल्याबद्दल जिना चढताना मी स्वतःचं थोडं कौतुकही करून घेतलं होतं.

निकाल लागला होता १२ जूनला. दावा बाबांचा. आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामधला सहा फुटी बोळ कुणाचा, एवढाच वाद, पण तो अकरा वर्षं चालला. नवव्या वर्षी बाबा गेले, वारस म्हणून माझं नाव लागलं, आणि दोन वर्षांनी दावा नामंजूर झाला. २० जूनला मी नकलेचा अर्ज टाकला. खिडकीतला कारकून म्हणाला, "आठ-दहा दिवसांनी चक्कर मारा." मी चक्कर मारली ती १४ जुलैला. नक्कल घेऊन घरी आले, कॅलेंडरवर १४ जुलैच्या पुढची तीस घरं मोजली आणि १३ ऑगस्टभोवती पेन्सिलने गोल काढला.

जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात करायचं असेल तर ९०, हे मला पाठ होतं. ते दिवस कुठून मोजायचे हे मात्र ऐकीव होतं. "नक्कल मिळाल्यापासून" असं सगळेच सांगतात. कायदा तसं सांगत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागायचं, आणि नकलेसाठी जेवढा वेळ लागला तेवढा वजा करायचा. लागला म्हणजे कोर्टाला लागला. मला जायला लागला तो नव्हे. शिक्क्यावर तयार झाल्याची तारीख होती १ जुलै. म्हणजे २० जून ते १ जुलै हे बारा दिवस वजा. तीस आणि बारा बेचाळीस. १३ जूनपासून बेचाळिसावा दिवस येतो २४ जुलैला. वार गुरुवार, कोर्ट चालू. शेवटचा दिवस सुट्टीचा असता तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण ती वाटही नव्हती. धावपळ करून ६ ऑगस्टला अपील दाखल केलं तेव्हा उशीर भरला १३ दिवसांचा. आणि नक्कल तयार होऊन नक्कल विभागाच्या कपाटात माझी वाट बघत पडली होती, तेही १३ दिवसच. ही बरोबरी कुणी मुद्दाम जुळवली नव्हती. तरी ती मला बरेच दिवस टोचत राहिली.

अर्जच आठ दिवस उशिरा टाकला होता, त्याबद्दल तर बोलायलाच नको. नक्कल मागितल्याशिवाय वजाबाकी सुरूच होत नाही. कोर्टाचा हुकूमनामा तयार व्हायला वेळ लागला, ही सबबही अर्ज टाकण्याआधीच्या दिवसांसाठी चालत नाही. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा असतो. बाबांनी टाकला असता.

"पण ते हरकत घेणार नाहीत," मी म्हणाले. शेजारच्या काकांबद्दल. अकरा वर्षं भांडूनही सणावाराला आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

वकील हसले. "त्यांनी घेतली नाही तरी कोर्टाला घ्यावी लागते." मुदत कायद्याचं कलम ३ वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा या कायद्याची भीती वाटली. समोरच्याने तोंडातून ब्र काढला नाही तरी मुदतबाह्य अपील फेटाळणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य. इतर बाबतीत दिवाणी कोर्ट पक्षकार काय मागतो, काय मांडतो त्यावर चालतं. इथे मात्र कोर्ट स्वतः कॅलेंडर घेऊन बसतं.

आता खरं कारण. १४ जुलैला रात्री मी निकाल वाचायला घेतला. पहिली काही पानं सोपी होती: वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं म्हणणं, मुद्दे. मग परिच्छेद २३ आला. त्यात बाबांच्या उलटतपासणीबद्दल लिहिलं होतं. बोळातली फरशी कधी घातली, पावसाळी पाण्याची मोरी कोणी काढली, आजोबांच्या वाटणीपत्रात त्या पट्ट्याचा उल्लेख आहे का, असे प्रश्न त्यांना विचारले गेले होते आणि सात ठिकाणी त्यांनी "आठवत नाही" असं उत्तर दिलं होतं. खाली एक ओळ. "सबब वादीचा पुरावा विश्वासार्ह वाटत नाही."

कायद्याच्या भाषेत ही ओळ रोजची आहे. हजारो निकालांत असेल. न्यायाधीशांनी बाबांना खोटारडं म्हटलेलं नव्हतं, त्यांच्या पुराव्याचं वजन केलं होतं आणि ते कमी भरलं होतं. हे सगळं मला आज समजतं. त्या रात्री मी कागद घडी करून खणात ठेवले आणि वर स्वेटर ठेवला. जुलैत. मग रोज त्या खणाशेजारून जात होते, आणि मला वाटत होतं की १३ ऑगस्ट लांब आहे. चुकीची तारीख डोक्यात असणं हे उशिराचं एक कारण. बरोबर तारीख कोणती, हे विचारायला जाण्याची मला मुळीच घाई नसणं हे दुसरं.

मुदत चुकलेल्यासाठी कायद्याने कलम ५ ठेवलं आहे. "पुरेसं कारण" दाखवलं तर अपील उशिरा घेता येतं. ही सवलत दाव्याला नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. दावा एक दिवस उशिरा आणला तर कलम ५ दार उघडत नाही. एकदा हरून दुसऱ्यांदा वरच्या कोर्टात जाणाऱ्यासाठी मात्र फट ठेवलेली. आणि पुरेसं म्हणजे किती पुरेसं, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. न्यायाधीशाने प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचं.

वकिलांनी मग मला जुने निकाल सांगायला सुरुवात केली. मला धीर द्यायला की घाबरवायला, ते तेव्हा कळलं नाही. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात जम्मू-काश्मीर सरकारला अपिलाला चार दिवस उशीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो माफ केला आणि विचारलं की प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यायचा तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको? म्हणजे नियम अक्कलहुशारीने वापरा. १९९८ मध्ये एन. बालकृष्णन प्रकरणात ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला. उशीर किती आहे यापेक्षा कारण पटतं का ते बघायचं, असं कोर्ट म्हणालं. एवढं ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. आठशे त्र्याऐंशी माफ, तर तेराचं काय!

"असं नसतं ते," वकील म्हणाले. "तुमचे तेरा त्यांच्या आठशेपेक्षा जड भरू शकतात. त्यांच्याकडे कारण होतं."

पुढे मी स्वतः शोधत गेले तसा हा लंबक किती हेलकावतो ते दिसलं. २०१२ मध्ये टपाल खात्याला ४२७ दिवस माफ झाले नाहीत. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे कारण सरकारी असलं तरी चालणार नाही, असं सुनावण्यात आलं. २०२४ मध्ये ५६५९ दिवसांचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. साडेपंधरा वर्षं! ते फेटाळलं गेलं, ते ठीकच. आणि एकदाच असं झालं की कुणालाच कारण सांगावं लागलं नाही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ देशभर मुदतीतून वगळून टाकला. माझं प्रकरण त्या काळातलं नाही. असतं तर हा लेख नसता.

परदेशातलं एक प्रकरण वाचून मात्र मी गप्प बसले. अमेरिकेत बोल्स नावाच्या एका कैद्याला अपिलासाठी नियमाप्रमाणे १४ दिवस वाढवून मिळायला हवे होते. न्यायाधीशांनी आदेशात चुकून १७ दिवसांची तारीख घातली. त्याने आदेशावर विश्वास ठेवून सोळाव्या दिवशी अपील दाखल केलं. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मुदत कायद्याने ठरवली आहे, ती वाढवण्याचा अधिकार कोर्टालाच नाही, सबब अपील बाद. चूक न्यायाधीशांची आणि दार बंद झालं कैद्याचं. माझी चूक निदान माझी स्वतःची होती, हे एक समाधान.

उशीर माफ व्हावा म्हणून जो अर्ज करायचा, त्यासोबत शपथपत्र लागतं. वकिलांचा कारकून संगणकावर जुना नमुना उघडून बसला होता. त्यात नाव आणि तारखा बदलायच्या, बाकी मजकूर तयार. नमुन्यातल्या कुणाला तरी ताप आला होता. "ताप ठेवू का? सर्टिफिकेट मिळेल," तो म्हणाला. अगदी सहज, जसं कुणी विचारावं पाकीट मोठं लागेल की छोटं.

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. २४ जुलै ते ६ ऑगस्ट. त्या दिवसांत डोकं दुखलं नव्हतं असं नाही. झोप लागत नव्हती हे तर खरंच होतं. थोडा ताप त्यात मिसळला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

वकील आतून ओरडले. "ज्या डॉक्टरला उलटतपासणीला उभं करायची तयारी नाही, त्याचं सर्टिफिकेट लावायचं नाही."

उलटतपासणी हा शब्द ऐकला आणि माझा ताप तिथेच उतरला. कुणीतरी मला विचारणार, "औषध कोणतं घेतलंत?" आणि मी म्हणणार, "आठवत नाही."

मग मी वकिलांना खणाबद्दल सांगितलं. परिच्छेद २३, स्वेटर, सगळं. ते ऐकून घेत होते. त्यांनी बाबांचा दावा पहिल्या दिवसापासून चालवला होता, उलटतपासणीच्या दिवशी ते तिथेच उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे खरं आहे, पण हे लिहिता येणार नाही. निकाल वाचून वाईट वाटलं म्हणून अपील उशिरा केलं, असं म्हटलं तर प्रत्येक हरलेल्या माणसाला पुरेसं कारण मिळेल."

त्यांचं म्हणणं मला त्याच क्षणी पटलं आणि आजही खोडून काढता येत नाही.

शेवटी शपथपत्रात गेलं ते मोजणीच्या चुकीचं कारण. अर्जदार कायद्याची जाणकार नाही, तिने प्रामाणिक समजुतीने नक्कल हाती आल्यापासून मुदत मोजली, सबब १३ दिवसांचा विलंब क्षमापित करण्यात यावा. 'क्षमापित' हा शब्द मी त्याआधी कुठेही पाहिला नव्हता, नंतरही नाही. तो कागदावरचा प्राणी आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं, मी शपथेवर सही केली, आणि सही करताना मला स्वच्छ ठाऊक होतं की यात जुलै नाही.

सोय अशी की जुलै कुणी विचारणारही नव्हतं. १९६१ मध्ये रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स प्रकरणात एका दिवसाच्या उशिराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका दिवसाचा! त्यात ठरलं की माणसाने मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचा खुलासा द्यायचा. मुदत चालू असताना तो काय करत होता, शेवटच्या दिवसापर्यंत का थांबला, हे विचारायचं नाही. ते दिवस त्याचे. मुदतीतले बेचाळीस दिवस मी स्वेटरखाली ठेवले तरी तो माझा हक्क होता. खुलासा हवा होता तो पुढच्या तेरांचा.

या सगळ्या काळात मी एका माणसाचा विचारच केला नव्हता. बोळाच्या तोंडाशी निकालाच्या आठवड्यातच विटा येऊन पडल्या होत्या. वर निळा प्लॅस्टिकचा कागद, कागदावर दगड. मला त्या दिसायच्या आणि मनात येई, बघा कशी घाई झालीय काकांना. पण कागद तसाच राहिला. जून गेला, जुलै गेला. गवंडी आला ४ ऑगस्टलाच, मी वकिलांच्या जिन्यावर असताना. संध्याकाळी परत आले तर बोळात दोन थर भिंत उभी होती.

मी तडक वकिलांना फोन लावला, आवाज चढवून. ते म्हणाले, "अहो ताई, मनाई हुकूम नव्हता, दावा तुमचा फेटाळलेला. त्यांना १३ जूनला भिंत घालता आली असती. त्यांनी मुदत संपायची वाट पाहिली. चांगला वकील दिसतोय त्यांचा."

मग मी त्या विटांचा हिशोब मांडून पाहिला. म्हणजे त्या घरातही एक कॅलेंडर होतं. तिथेही कुणीतरी घरं मोजत होतं, पेन्सिलने गोल काढत होतं, आणि माझ्यापेक्षा बरोबर मोजत होतं. अकरा वर्षं तेही तारखांना येत होते. दावा आम्ही लावलेला, त्यांनी फक्त यायचं. मुदत संपली की जिंकलेल्याला एक हक्क मिळतो, आणि तो उगाच हिसकावून घ्यायचा नसतो, असं त्याच रामलालच्या निकालात आहे. वाचताना त्या वाक्यावरून माझी नजर भरकन पुढे गेली होती, कारण ते माझ्या उपयोगाचं नव्हतं. 'हक्क मिळतो' म्हणजे काय, ते मला विटांवरचा कागद निघाला तेव्हा कळलं.

तेरा दिवसांचा उशीर माफ करायचा की नाही हे ठरायला चौदा महिने लागले. यावर विनोद करायचा मोह आवरते. आधी काकांना नोटीस गेली. बेलीफ गेला तेव्हा ते घरी नव्हते. मग त्यांच्या वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. होय, मुदत. ती मिळालीही. म्हणण्यात लिहिलं होतं की कायदा जागत्याला मदत करतो, झोपलेल्याला नाही. अर्जदार झोपली होती. हे वाक्य अशा प्रत्येक उत्तरात असतं, मूळ लॅटिनमधलं आहे. पण झोपेचा उल्लेख वाचून मला हसू आलं. त्या जुलैत मी नीट झोपले असते तर बरं झालं असतं. मग एक तारीख न्यायाधीश रजेवर म्हणून गेली, एक वकिलांच्या कामबंदमुळे, दोन कशामुळे ते कळलंच नाही. तोपर्यंत माझ्या अपिलाला नंबरही नव्हता. आधी उशिराचा अर्ज निकाली निघायचा, मग अपील अपील म्हणून नोंदवलं जायचं. चौदा महिने ते नुसते कागद होते.

आदेश आला तो दीड पानांचा. उशीर फार नाही, कारण अप्रामाणिक दिसत नाही, प्रतिवादीला झालेल्या त्रासाची भरपाई खर्चाने होऊ शकते, सबब खर्चाच्या अटीवर अर्ज मंजूर. खर्च पंधरा दिवसांत द्यायचा, न दिल्यास अर्ज नामंजूर समजावा. मी दुसऱ्याच दिवशी पैसे घेऊन गेले. वकील म्हणाले, त्यांच्या वकिलाकडे देऊन पावती घेऊ. पण काका त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी कोर्टात आले होते, व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांच्या वकिलांनी मान हलवली, तेव्हा मी पाकीट काकांच्याच हातात दिलं.

त्यांनी पैसे मोजले नाहीत. पावतीचा कागद मांडीवरच्या फाईलवर ठेवला, सही केली आणि पेन बंद करता करता विचारलं, "तेरा दिवस कुठे होतीस गं?"

शपथपत्र त्यांनी वाचलेलं होतं. तरी विचारलं. मी म्हणाले, "तेवीस नंबरचा परिच्छेद वाचवेना, काका."

त्या परिच्छेदात काय आहे, ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्याकडेही नक्कल असणार. ते समोर पुकारा करणाऱ्या शिपायाकडे बघत राहिले.

"तुझा बाप खोटं बोलणारा माणूस नव्हता," ते म्हणाले. "घाबरला होता त्या दिवशी. सगळं आठवत होतं त्याला. फरशी आम्ही दोघांनी मिळून घातली होती." मग पावती माझ्याकडे सरकवत, "पण बोळ माझा आहे हं."

पावतीवर सही होती, तारीख नव्हती. मी कागद परत त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं, मला विचारून तारीख घातली.